ऐपतीचा दाखला कोण देणार?

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : परदेशी शिक्षणाच्या व्हिसासाठी निधी दाखवताना कास्तकारांच्या मुलामुलींची होणारी कोंडी

महोदय,

यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर तालुक्यातल्या एखाद्या मुलीच्या किंवा मुलाच्या हाती आता कधीमधी ब्रिटन-जर्मनीतल्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र पडते. गावाला आनंद होतो, नातलगांचे फोन येतात, आणि त्यानंतर ते घर कित्येक आठवडे बँक, तहसील आणि सीएच्या कार्यालयाच्या चकरा मारत राहते. प्रवेश मिळवण्यासाठी अभ्यास करावा लागतो, तो ही मुले करतात. व्हिसासाठी ‘पुरेसा निधी’ दाखवावा लागतो आणि तिथे त्यांची वाट अडते. मी पांढरकवड्यात राहतो. अशा मुलांच्या फायली जमेल तशा लावून देतो. त्या फायलींतून जे दिसले ते आपल्यापुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

म्हणणे थोडक्यात असे आहे. आमच्या घरांची ऐपत वावरात आहे, घरात येणाऱ्या कापसात आहे, भाऊबंदांच्या शब्दात आहे. दूतावासाला आणि बँकेला ती यांतल्या कोणत्याच रूपात चालत नाही. तिला चालेल असे रूप देणे राज्य सरकारच्या हातात आहे.

आधी नियम सांगतो, कारण त्यांचा तपशील गावात कुणी समजावून देत नाही. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी पहिल्या वर्षाचे राहिलेले शुल्क आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च दाखवावा लागतो. नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरला जातो. म्हणजे नऊ महिन्यांचे अनुक्रमे १३,७६१ आणि १०,५३९ पौंड. ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते, आणि २८वा दिवस अर्जाच्या तारखेआधीच्या ३१ दिवसांतला असावा लागतो. मध्ये एक दिवस जरी शिल्लक खाली घसरली, तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. जर्मनीला वर्षाचे ११,९०४ युरो आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरावे लागतात. कॅनडाने शुल्काखेरीजची वर्षाची रक्कम १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर केली आहे. ऑस्ट्रेलियाची रक्कम मे २०२४ पासून २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे.

या देशांवर माझा राग नाही. परक्या शहरात आपले लेकरू उपाशी राहू नये, भाडे थकून रस्त्यावर येऊ नये, यासाठी असा नियम असणे योग्यच आहे. प्रश्न आपल्या बाजूचा आहे, आणि तो आपल्यालाच सोडवावा लागेल.

हा आकडा कापसात मोजून पाहू. लंडनबाहेरच्या विद्यापीठात एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे आणि शुल्क २०,००० पौंड आहे असे धरू. राहण्याचा खर्च मिळवून ३०,५३९ पौंड होतात. पौंडाला १२० रुपये धरले तर ही रक्कम साडेछत्तीस लाखांच्या वर जाते. विमानाचे तिकीट आणि वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार वेगळाच. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. त्या भावाने हे साडेचारशे क्विंटल होतात. कोरडवाहू वावरात एकरी पाच क्विंटल उतारा धरला तर नव्वद एकरांचा सगळा कापूस एका मुलीच्या एका वर्षाला लागेल, आणि त्यातून बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी यांचा एक रुपयाही वजा करायचा नाही. आमच्याकडे बहुतेकांची जमीन दोन ते दहा एकरांच्या दरम्यान आहे.

रक्कम मोठी आहे, पण अडचण तेवढ्यावर संपत नाही. पैसा कोणत्या महिन्यात हातात असतो, यावरही बरेच अवलंबून आहे. आमचा कापूस दिवाळीनंतर घरात येऊ लागतो. भारतीय कापूस महामंडळाला (सीसीआयला) किंवा व्यापाऱ्याला विकून पैसा हाती येतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. युरोपातले वर्ग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतात, म्हणून खात्यात रक्कम टिकवून दाखवायची ती जून-जुलैत. मिरग लागला की कास्तकाराच्या घरातून पैसा बाहेर जातो. बियाण्यांच्या पिशव्या, डीएपी, ट्रॅक्टरचे भाडे, पीकविम्याचा हप्ता हे सगळे त्याच दिवसांत येते. वर्षातले सर्वांत रिकामे खाते ज्या महिन्यांत असते, नेमक्या त्याच महिन्यांत ते भरलेले दिसायला हवे. पगारदार बापाला हा पेच पडत नाही.

खाते कुणाचे हाही प्रश्न आहे. ब्रिटनच्या नियमात पैसा अर्जदाराच्या स्वतःच्या, किंवा आई-वडिलांच्या अथवा कायदेशीर पालकांच्या खात्यात असावा लागतो. काका, मामा, आजोबा, थोरला भाऊ यांचा पैसा मोजला जात नाही. आमच्याकडे शिक्षणाचा खर्च एकट्या बापाने केला असे क्वचित घडते. चुलता बैलजोडी विकतो, मामा पाठबळ देतो, आत्या बचत गटातून उचल करते. ते पैसे बापाच्या खात्यात एकदम जमा झाले की मोठी रक्कम कुठून आली असा संशय येतो, आणि काकाच्या खात्यात राहिले तर ते नसल्यासारखेच.

मग पतसंस्थेचा मुद्दा येतो. कास्तकाराची मुदत ठेव बहुधा जवळच्या पतसंस्थेत असते, कारण तिथे ओळख असते आणि व्याज अर्धा-एक टक्का जास्त मिळते. व्हिसाचा अधिकारी वित्तसंस्था नियमनाखाली आहे का, तिची नोंद संगणकीकृत आहे का, फोन किंवा ईमेल केल्यावर तिथून खात्रीचे उत्तर मिळते का, हे पाहतो. पतसंस्था सहकार खात्याच्या निबंधकांकडे असते, रिझर्व्ह बँकेकडे नाही. ब्रिटनच्या नियमावलीत काही वर्षांपूर्वीपर्यंत भारतातल्या सहकारी बँकांची एक लांबलचक यादीच होती. तिथली विवरणपत्रे समाधानकारकरीत्या पडताळता येत नाहीत, म्हणून ती ग्राह्य धरू नयेत असे त्यात लिहिले होते. यादी गेली, कसोटी राहिली. आयुष्यभराची बचत ज्या पासबुकात आहे ते पासबुकच बाद ठरते.

एका फाइलीचे उदाहरण देतो. मुलगी तेलंगणाच्या सीमेकडच्या एका गावातली, बापाला सात एकर वावर. टेबलावर सातबारा, आठ अ, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार मांडून आम्ही बसलो होतो. सातबाऱ्यावर बापाचे नाव मारोती, आधारवर मारोतराव, मुलीच्या दाखल्यावर मारुती. हा आपलाच बाप आहे हे सिद्ध करायला जन्माचा दाखला हवा होता, आणि त्या वर्षीच्या ग्रामपंचायतीच्या नोंदीत मुलीचे नाव नव्हते, ‘स्त्री’ एवढीच नोंद होती. नाव लावून घेणे, बापाच्या नावासाठी प्रतिज्ञापत्र करणे, राजपत्रात बदल छापणे यात पेरणीचे दिवस निघून गेले. पैशाचा विषय अजून सुरूही झाला नव्हता.

तो सुरू झाला तेव्हा आम्ही कर्जासाठी एका राष्ट्रीयीकृत बँकेत गेलो. शैक्षणिक कर्जाची पद्धत ठरलेली आहे. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्याला केंद्राच्या पतहमी निधीचे कवच आहे. त्यापुढच्या रकमेला मूर्त तारण लागते. बापाने सात एकरांचा सातबारा पुढे केला. अधिकाऱ्यांनी तो आदराने परत दिला. “शेतजमीन चालत नाही. शहरात घर, प्लॉट किंवा एफडी असेल तर सांगा.” बाप म्हणाला, “साहेब, याच सातबाऱ्यावर तुमच्याच बँकेचा पीककर्जाचा बोजा आहे.” ते खरेच होते. अधिकाऱ्यांकडे त्यावर उत्तर नव्हते आणि त्यात त्यांचा दोषही नव्हता.

कारण कायद्यात आहे. बँकांना न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला. त्याच कायद्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमिनीला त्यातून वगळले आहे. म्हणून मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँका शेतजमीन सहसा घेत नाहीत. आदिवासी खातेदाराची वाट याहून अरुंद आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ मुळे ती जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जात नाही. केळापूर तालुक्यातली बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. इथे गोंड, कोलाम, परधान राहतात. या कायद्यांनी त्यांच्या जमिनी वाचवल्या आहेत. या कायद्यांना हात लावा असे मी म्हणणार नाही, उलट ते आहेत तसेच राहावेत. ज्या जिल्ह्याने कर्जापायी इतकी घरे उद्ध्वस्त होताना पाहिली, त्या जिल्ह्यात शिक्षणाच्या नावाने वावर लिलावात जाण्याची नवी वाट कुणी उघडू नये. पण जमीन वाचवणाऱ्या सरकारने, त्या जमिनीमुळे मुलीचे कर्ज अडले तर तिच्यामागे स्वतः उभे राहिले पाहिजे. ही जबाबदारी त्या संरक्षणातूनच येते.

तारणाशिवाय मोठे कर्ज देणाऱ्या खासगी वित्तसंस्था आहेत, काही बँकाही निवडक विद्यापीठांसाठी तसे देतात. तिथे सहकर्जदाराची पगारपत्रके आणि आयकर विवरणपत्रे मागतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून कास्तकाराकडे विवरणपत्र नसते. तहसीलदार ऐपतीचा दाखला देतात, त्यात जमिनीचे मूल्य असते. ठेकेदाराला तो कामाला येतो. व्हिसाला खात्यातली रोकड लागते, तिथे तो चालत नाही.

आता शिष्यवृत्तीकडे वळतो, कारण खरा आधार तोच आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज योजना आहे. अनुसूचित जमातींसाठी तीत देशभरात २० जागा आहेत आणि त्यांतल्या ३ विशेष असुरक्षित आदिम गटांसाठी राखीव आहेत. आमचे कोलाम त्या गटात येतात. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी अनुसूचित जातींतल्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते. आदिवासी विकास आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागांच्याही योजना आहेत. या योजनांनी मुले जगभर पोहोचवली, हे कृतज्ञतेने नोंदवतो.

पण या योजना आणि व्हिसाचे नियम यांची तोंडे दोन दिशांना आहेत. राज्याच्या परदेश शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्याचे दाखवावे लागते. त्याच कुटुंबाने त्याच हंगामात व्हिसासाठी तीस-पस्तीस लाख दाखवावेत अशी वेळ येते, कारण निवड यादी अनेकदा वर्ग भरण्याच्या तोंडावर लागते. विद्यापीठाची आगाऊ रक्कम भरण्याची मुदत आणि व्हिसाचा अर्ज त्याच्या आधीच येतात. यादीची वाट पाहिली तर जागा जाते, न पाहिली तर पैसा दाखवावा लागतो.

रकमेचाही मेळ बसत नाही. या योजनांत ब्रिटनसाठी वर्षाचा निर्वाहभत्ता गेली अनेक वर्षे ९,९०० पौंड आहे. व्हिसाला लंडनबाहेर नऊ महिन्यांचेच १०,५३९ पौंड लागतात. फरक ६३९ पौंडांचा, लंडनमध्ये तो ३,८६१ पौंडांचा म्हणजे साडेचार लाखांहून अधिक. सरकारच्या पत्रावर ९,९०० लिहिले असेल तर वरचा फरक विद्यार्थ्याला आपल्या खात्यात २८ दिवस ठेवून दाखवावा लागतो. पूर्ण शिष्यवृत्ती मिळालेल्या शेतमजुराच्या मुलाने साडेचार लाख कुठून आणायचे?

या योजनेला ज्यांचे नाव आहे त्या शाहू महाराजांची आठवण इथे करावीशी वाटते. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करायला ते पुन्हा लंडनला निघाले तेव्हा गाठीला होती सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले पाच हजारांचे कर्ज. आजच्या नियमात मित्राचे पैसे मोजलेच गेले नसते, आणि बचत २८ दिवस खात्यात पडून होती का असे विचारले गेले असते. तेव्हा संस्थानिकाचा शब्द पुरेसा होता. आज त्या शब्दाच्या जागी महाराष्ट्र शासनाचे पत्र आहे. त्या पत्राचे वजन तेवढेच असावे.

ते नसले की दुसरीच माणसे पुढे येतात. ‘फंड दाखवून देतो’ म्हणणारे एजंट आता छोट्या शहरांतही भेटतात. महिनाभरासाठी खात्यात रक्कम टाकायची, विवरणपत्र निघाले की काढून घ्यायची, आणि त्यावर तगडे व्याज घ्यायचे, असा हा धंदा आहे. काही जण बनावट एफडीच्या पावत्याही करून देतात. बनवाबनवी उघडकीला आली तर ब्रिटनचे दार दहा वर्षे आणि कॅनडाचे पाच वर्षे बंद होऊ शकते. एजंटाचे काही जात नाही. मुलीचे सगळे जाते, आणि व्याज बापाच्या डोक्यावर राहते. पालकांना माझे हात जोडून सांगणे आहे की हा रस्ता घेऊ नका. पण सरळ रस्ता खुला असेल तरच त्या सांगण्याला अर्थ आहे.

म्हणून, महोदय, माझ्या चार मागण्या आहेत.

पहिली, परदेश शिष्यवृत्तीच्या जाहिराती डिसेंबरात काढाव्यात आणि निवड यादी एप्रिलअखेर लावावी. विद्यापीठाचे सशर्त प्रवेशपत्र निवडीसाठी पुरेसे मानावे.

दुसरी, निवड झालेल्या प्रत्येकाला दोन आठवड्यांत शासनाच्या लेटरहेडवर इंग्रजीत असे पत्र द्यावे, ज्यात पूर्ण शुल्क आणि त्या देशाच्या व्हिसा नियमाइतका राहण्याचा खर्च शासन उचलत असल्याचे स्पष्ट लिहिलेले असेल. सरकारी पुरस्कृतीचे असे पत्र ब्रिटन मान्य करते आणि त्याला २८ दिवसांची अट लागत नाही. यासाठी ९,९०० पौंडांचा भत्ता वाढवून व्हिसाच्या रकमेशी जोडावा, आणि तो दरवर्षी आपोआप बदलावा.

तिसरी, साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला शेतकरी, शेतमजूर आणि आदिवासी कुटुंबांसाठी तारणाच्या जागी राज्याची हमी द्यावी. पश्चिम बंगालने २०२१ पासून दहा लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला स्वतः हमीदार राहून हे करून दाखवले आहे, आणि परदेशातले शिक्षणही त्यात बसते. आपल्याकडे इतर मागासवर्गीय महामंडळाची परदेशी शिक्षणासाठी २० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज परताव्याची योजना आहे, पण परतावा मिळायला आधी कर्ज मंजूर व्हावे लागते आणि ते तारणावर अडते. खरिपाच्या आधी राज्यस्तरीय बँकर्स समितीची बैठक आपल्या अध्यक्षतेखाली होते. पीककर्जाच्या उद्दिष्टाशेजारी या हमीचा विषय त्या बैठकीत घ्यावा. बँकेचे कर्जमंजुरीपत्रही व्हिसाला निधीचा पुरावा म्हणून चालते, त्यामुळे एकाच निर्णयाने दोन गाठी सुटतील.

चौथी, पांढरकवड्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आणि प्रत्येक तालुक्याच्या एका कार्यालयात कागदपत्रांसाठी एक टेबल असावे. नावांतला फरक, जन्मनोंदीत नाव लावणे, कागदांचे प्रमाणित भाषांतर, त्या वर्षीचे व्हिसाचे आकडे, हे सगळे तिथे फुकट आणि खरे मिळावे. यवतमाळमध्ये २०१७ साली सुरू झालेल्या एकलव्य चळवळीने खेड्यातली मुले मोठ्या संस्थांपर्यंत कशी पोहोचतात हे दाखवले आहे. अशा कार्यकर्त्यांना या टेबलाशी जोडून घ्यावे.

त्या सात एकरवाल्या घरातल्या मुलीने प्रवेश पुढच्या वर्षावर टाकून घेतला आहे आणि सध्या ती नागपुरात नोकरी करते. विद्यापीठ तिच्यासाठी आणखी एकच वर्ष जागा ठेवणार आहे. या पत्रातली पहिली मागणी तिला लाभायची असेल तर शासन निर्णय येत्या डिसेंबरच्या आधी निघावा लागेल. तिच्या बापाने वावर विकायला काढलेले नाही. तशी वेळ त्याच्यावर येऊ देऊ नये, एवढी विनंती करतो.

आपला,
पांढरकवडा, ता. केळापूर, जि. यवतमाळ येथील एक नागरिक